काचेपलीकडची सिस्टर

२००४ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी होतो. एक शेतकरी बारावी झालेल्या मुलीसाठी शैक्षणिक कर्ज मागायला आला. मुलीला नर्सिंगला जायचे होते. मी अर्ज बाजूला सारून वडीलकीचा सल्ला दिला, "रात्रपाळ्या कशाला? डी.एड.ला घाला. लग्नालाही बरे पडते." साहेबांचा शब्द म्हणून बापाने मान डोलावली. मुलगी खाली पाहत राहिली.

तो सल्ला मला २०१९ साली आठवला. माझी नात एकतिसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन तेराशे ग्रॅम. नवजात अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर मी तासन् तास उभा असे. आत सिस्टर नळीवाटे दूध देई, मिलिलिटरचा हिशेब लिही, लंगोटाचे वजन करून लघवी मोजी. बँकेत एका रुपयाचा फरक आला तरी ताळा लागेपर्यंत आम्ही घरी जात नसू, याचा मला कोण अभिमान! इथे ताळा जिवाशी होता. डॉक्टर येऊन निर्णय देत. पण बाळाचा रंग बदलला, श्वास अडखळला, हे आधी तिलाच कळे. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यायची, हेही माझ्या लेकीला तिनेच शिकवले.

नवजात बाळांसाठी काम करायचे म्हटले की आपल्याला फक्त डॉक्टर आठवतो. ती वाट लांबची: एम.बी.बी.एस., मग बालरोगात एम.डी., त्यावर नवजातशास्त्रात तीन वर्षांचे डी.एम. पण बारावीनंतर तीन वर्षांचे जी.एन.एम. किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करून, पुढे नवजात शुश्रूषेची वर्षभराची पदविकाही घेता येते. मुलांनाही ही वाट मोकळी आहे. स्तनपान समुपदेशक, बाळाची श्रवणचाचणी करणारे, दुग्धपेढी सांभाळणारे हेही त्याच कामातले. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली.

आपण मात्र सिस्टरला पेढे देतो आणि आपली मुलगी त्या वाटेला जाऊ नये म्हणून जपतो. कंत्राटी नेमणुका, तुटपुंजा पगार, एकीच्या अंगावर अनेक बाळे, हे सारे खपते. कारण ती दुसऱ्याची लेक असते.

नात आता शाळेत जाते. त्या मुलीने माझा सल्ला मानला की नाही, मला ठाऊक नाही. मानला नसावा, एवढीच इच्छा आहे.