स्टेटस ठेवून साक्षीदार टिकत नाही

लातूरला नीटच्या शिकवणीसाठी आलेल्या आमच्या एका मुलाला गेल्या वर्षी घरमालकानं खोली नाकारली. भाडं ठरलं होतं. आधार कार्डावरचं आडनाव वाचलं आणि खोली ‘कालच गेली’ असं सांगितलं. पोरानं रात्री स्टेटस ठेवलं. दोनशेच्या वर लोकांनी ते पाहिलं. कुणी रडके चेहरे पाठवले, कुणी ‘जय भीम भावा, लढ’ असं लिहिलं. पाहणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्या रात्री आमच्यातले दोघे लातुरातच होते. पोरगं झोपणार कुठं, हे एकानंही विचारलं नाही. तो बसस्थानकावर झोपला, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

सांगताना लाज वाटते, म्हणूनच सांगतो आहोत.

मोबाइलनं माणूस बिघडला, जुने दिवस बरे होते, असा सूर आम्ही लावणार नाही. जुन्या दिवसांत आमच्या वाट्याला काय होतं ते मराठवाड्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी तर गांधीजींच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे विचारणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांची मांडणी अशी, की यंत्र माणसाला कष्टातून उसंत देतं आणि उसंतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा. मग आमचा प्रश्न सरळ आहे: मोबाइलनं वाचवलेली आपली उसंत गेली कुठे? वस्तीत गेली, अभ्यासिकेत गेली, की रील खाली सरकवण्यात गेली?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. साडेपंधरा वर्षं! एवढा काळ चळवळ टिकली ती माणसं एकमेकांच्या दारात जात होती म्हणून. निरोप घेऊन माणूसच यायचा, आणि आलेला माणूस भाकरी खाऊन, रात्रभर बोलून जायचा. निरोप उशिरा पोचायचा हे खरं. पण त्याच्याबरोबर कार्यकर्ताही पोचायचा.

१ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. बातमी फोनाफोनी महाराष्ट्रभर गेली. हे मोबाइलचंच बळ, ते आम्ही नाकारत नाही. पण अत्याचाराचा खटला बातमीवर चालत नाही. तो वर्षानुवर्षं चालतो. साक्षीदार त्याच गावात राहतो, त्याच गिरणीवर दळण नेतो, त्याच लोकांच्या शेतात मजुरीला जातो. निषेधाच्या पोस्ट चार दिवसांत खाली जातात आणि पाचव्या दिवसापासून त्याच्यावर दबाव सुरू होतो. त्या दिवशी त्याच्या ओट्यावर कोण बसलेलं असतं?

अट्रॉसिटी कायद्यात दुरुस्तीनं आलेलं आणि २०१६ पासून लागू असलेलं कलम १५अ तरुणांनी एकदा मुळातून वाचावं. खटल्याच्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण व्हावं, असं ते सांगतं. म्हणजे कायद्याला कॅमेरा चालतो. पण त्याच कलमात पीडितांना सामाजिक संस्था, कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्कही दिलेला आहे. चित्रण यंत्र करील. कार्यकर्त्याची जागा मात्र कायद्यानंही यंत्राला दिलेली नाही, ती आपणच देऊन बसलो आहोत. (ग्रुपमध्ये पाचशे जण आणि विहारात रविवारी अकरा, हा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या गावापुरता करून पाहावा.)

त्या पोराला आम्ही उशिरा का होईना भेटलो. रागावला नव्हता. म्हणाला, “दादा, तुमचं स्टेटस मी रोज बघतो.”

यंदा लातूरला येणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाच्या खोलीचा पत्ता आम्ही वहीत लिहून घेतो आहोत. पहिल्या रविवारी सात खोल्या झाल्या. त्यातल्या दोन पोरांना ताप होता आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.