‘चौकशी’ नको, तपास हवा

करंजाडेतून ॲट्रॉसिटीची फिर्याद घेऊन आम्ही कोणासोबत ठाण्यात गेलो की पहिला शब्द ऐकू येतो, ‘चौकशी’. आधी चौकशी करू, मग बघू. चौकशी काय, शेजारीही करतो! तपास गुन्हा नोंदवल्यावर होतो, आणि त्याला कायद्याचे बंधन असते. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्राथमिक चौकशीला वाट दिली. २ एप्रिलला आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला, आणि त्याच वर्षी कलम १८-अ आले : गुन्हा नोंदवण्याआधी अशा चौकशीची गरज नाही.

दुसरा शब्द ‘तपासी अंमलदार’. साध्या गुन्ह्यात हवालदारही तपासी अंमलदार असतो. पण १९९५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो, तपास अधिकारी पोलीस उपअधीक्षकाहून खालचा नको. आपल्या नवी मुंबई आयुक्तालयात म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. हुद्दा चुकला की आरोपीचा वकील नेमके तेच धरतो.

‘अन्वेषण’ हा त्याहून भारदस्त शब्द. खैरलांजीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे होता, तरी २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही.

फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती घेताना तपास कोणाकडे आहे, त्याचा हुद्दा काय, हे तिथेच वाचून घ्या.