सूनबाई, गोड बातमी कधी?

लातूर-नांदेड पट्ट्यात रितेश देशमुखला नुसता नट म्हणून कुणी ओळखत नाही. तो बाभळगावचा, विलासरावांचा पोरगा. आणि 2012 साली लग्न झालं तेव्हापासून जेनेलिया लातूरची सून. ‘वेड’ आला आणि ती सगळ्या महाराष्ट्राची वहिनी झाली. ऐकायला गोड आहे हे. पण मला या गोडव्याचाच राग येतो. आपल्याकडे बाई एकदा ‘आपली सून’ झाली की पाळणा कधी हलणार, हे विचारायचा हक्क गल्लीतल्या प्रत्येकाला मिळतो.

सप्टेंबर 2023. मुंबईतल्या एका कार्यक्रमात हे दोघं फोटोग्राफरांसमोर उभे राहिले. काही सेकंदांच्या त्या व्हिडिओवरून लोकांनी तिला तिसऱ्यांदा गरोदर ठरवून टाकलं. शेवटी रितेशला इन्स्टाग्रामवर लिहावं लागलं की आणखी दोन-तीन मुलं झाली तरी माझी हरकत नाही, पण बातमी खोटी आहे. ‘दादा भारीच!’ म्हणत लोकांनी बदाम पाठवले. मला त्यात विनोद दिसत नाही. बायको गरोदर आहे की नाही याचा खुलासा नवऱ्याला जगापुढे करावा लागतो, आणि तोही हसत. कारण तो चिडला असता तर आपणच म्हणालो असतो, बघा, माज आलाय.

‘ते स्वतःच रील टाकतात की,’ हा युक्तिवाद मला पाठ झालाय. टाकतात, आणि मीही बघतो. पण ओसरीवर बसवून चहा पाजला म्हणून कुणी माजघरात शिरत नाही. कुठपर्यंत दाखवायचं हे घरवाल्याने ठरवायचं असतं.

त्यांच्या मुलांचंच घ्या. कॅमेरे दिसले की ही पोरं हात जोडतात, त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. खाली सगळीकडे एकच शब्द: संस्कार. मुलं गोड आहेत, आई-वडिलांनी शिकवलंही चांगलं. पण पोरं कुठूनतरी बाहेर पडतायत आणि समोर अनोळखी माणसं कॅमेरे रोखून उभी आहेत, याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. संस्काराची परीक्षा नेहमी पोरांचीच का? एखादी कॅमेरावाल्यांचीही घ्या.

आणि हे फक्त मुंबईचं पाप नाही. 2016 मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी पोरगी होती. गर्दीमुळे तिची शाळा सुटली, 17 नंबरचा फॉर्म भरून तिने दहावी दिली. जून 2017 मध्ये निकाल लागला आणि तिचे टक्के बातम्यांत झळकले, विषयवार गुणांसकट. गणितात किती, विज्ञानात किती! ते आकडे मी इथे देणार नाही. त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. प्रश्न आधार कार्डावरून निघाला होता, कॅमेऱ्यावरून नव्हे, हे मान्य. पण गुणपत्रिका हीसुद्धा माणसाची स्वतःची असते, एवढं कळायला न्यायालय कशाला लागतं? अर्थात, आपल्या भागाला हे कळणं अवघडच. लातूर-नांदेडात निकालानंतर चौकाचौकात शिकवण्यांचे फ्लेक्स लागतात, त्यावर पोरांचे चेहरे आणि खाली मार्क. पहिल्या आलेल्याला तरी मिरवायला मिळतं. ज्याचा फोटो नाही, त्याच्या घरी ‘आपला कुठंय?’ विचारायला शेजारी हजर.

नांदेडला माझ्या ओळखीचा एक जण असंच गॉसिपचं पेज चालवतो. मुंबईचे व्हिडिओ उचलायचे आणि वर लिहायचं, ‘लातूरच्या सूनबाईंकडे गोड बातमी?’ ही अफवा आहे म्हटलं तर म्हणतो, “प्रश्नचिन्ह टाकलंय की भाऊ.” त्या एका चिन्हाआड त्याचा सगळा धंदा चालतो. त्याला म्हटलं, बाकी कर काय करायचं ते, निदान लहान पोरांचे व्हिडिओ तरी टाकू नकोस.

तो म्हणाला, “लई चालतात तेच. तुमच्या घरातलेच शेअर करतात.”