तान्हा पोळा आणि खेळण्यांचा कायदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोंदियासह विदर्भात तान्हा पोळा भरतो. सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन मुले घरोघरी जातात, बोजारा मिळवतात. मोठ्यांच्या दृष्टीने नंदी पूजेचा असला, तरी लहानग्यांसाठी तो खेळणेच. तो तोंडातही जातो. त्यामुळे त्याचा रंग कोणता, शिंगे आणि चाके पक्की आहेत काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

खेळण्यांच्या सुरक्षेकडे सरकारचे लक्ष उशिराच गेले. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठी रोखली गेली. मार्चमध्ये मानकांच्या प्रमाणपत्राच्या अटीवर ती पुन्हा खुली झाली. तरीही भारतीय गुणवत्ता परिषदेच्या २०१९ मधील तपासणीत आयात खेळण्यांचे सुमारे ६७ टक्के नमुने नापास ठरले. अखेर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, देशी असोत वा परदेशी, आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या मालाला मात्र यातून सूट आहे. ती रास्तच म्हणावी लागेल. गावातील सुताराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही. परंतु ही सूट चिन्हापुरती आहे. रंगात शिसे असेल, तर त्याचा परिणाम टळत नाही. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असून त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. नेमका हाच फरक कारागिरापर्यंत पोहोचायला हवा.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पोळ्याच्या महिनाभर आधी तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी शिबिरे घ्यावीत आणि शिसेरहित रंगांची माहिती द्यावी. नंदीचे डोळे खिळे वा मणी ठोकून न करता रंगवावेत, हेही तेथेच सांगता येईल. पालकांनीही बाजारातील खेळण्यावरील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासावा. बटन सेलचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणे घेऊच नये. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

कारागिराची उपजीविका आणि बालकाचे आरोग्य यांत एकाची निवड करण्याचे कारण नाही. प्रशासनाने थोडी आधी जाग दाखवली, तर दोन्ही सांभाळता येतील.