खिडकीची झालर की खिडकीतील मजकूर?

२००६ साली लिनक्सवर कॉम्पिझ आले आणि पडद्यावरील खिडक्या ओढताना डुलू लागल्या. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने घरोघरी पारदर्शक काचेच्या चौकटी आणल्या. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ती काच काढून टाकण्यात आली. खिडक्या मांडणे, हलवणे, आवरणे हेच विंडो मॅनेजरचे मूळ काम. आवरलेली खिडकी कोठे गेली हे दाखवणारी हालचाल उपयुक्त. बाकीचा डौल जुन्या यंत्राची शक्ती खातो. दावा अलंकारांनी नव्हे, पुराव्याने जिंकला जातो. म्हणून सीमाभागातील मराठी वाचनालयांनी जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी ओपनबॉक्ससारखा साधा विंडो मॅनेजर अवश्य आजमावावा. वाचकाला मराठी मजकूर हवा असतो, झालर नव्हे.