केबीसीची वरची पायरी उंचावली, खालच्या जागच्या जागी!

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले, तेव्हा १५ प्रश्नांना १ कोटी रुपये होते. सर्वोच्च बक्षीस २००५ मध्ये २ कोटी, २०१३ मध्ये ७ कोटी आणि २०२२ मध्ये साडेसात कोटी झाले. पण खेळ ठरतो तो ‘पडावा’वर, म्हणजे उत्तर चुकले तरी हाती राहणाऱ्या रकमेवर.

अमरावतीच्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये १ कोटी जिंकले आणि ७ कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला. उत्तर चुकले असते, तर थेट ३ लाख २० हजारांवर यावे लागले असते. २०२२ मध्ये ७५ लाखांचा नवा पडाव आला. बदल चांगला, पण तो १५ प्रश्न पार करणाऱ्यांपुरता. पाचव्या प्रश्नाचा १० हजारांचा आणि दहाव्याचा ३ लाख २० हजारांचा पडाव २००० मध्ये होता, तेवढाच २०२२ मध्येही राहिला.

‘सोने का पालना’ म्हणवणाऱ्या जालन्याला हा हिशेब सोन्यात लगेच कळेल. २००० मध्ये तोळा साधारण ४,४०० रुपये होता; ३ लाख २० हजारांत ७० तोळ्यांहून अधिक सोने येई. २०२२ मध्ये तोळा ५० हजारांपुढे गेला. तेवढ्याच पैशांत जेमतेम सहा तोळे.

जाहिरातीला कोटींचा आकडा लागतो. भोकरदन किंवा घनसावंगीहून गेलेल्या स्पर्धकाला मात्र धीर देतात ते पहिले दोन पडाव. आधी वाढायला हवे होते ते तेच.