लसीनंतरचा त्रास पालकांना ओळखता यावा यासाठी निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बालकांना लस दिल्यानंतर होऊ शकणाऱ्या त्रासांची माहिती पालकांना लस देतानाच मिळावी, गंभीर त्रासावर जागेवर उपचार व्हावेत आणि चौकशीचा निष्कर्ष कुटुंबाला कळवला जावा, याबाबत.

महोदय,

आम्ही मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांमधले आईबाप आणि त्यांच्या वाड्या-तांड्यांवर काम करणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविका आहोत. हे निवेदन लसीच्या विरोधात नाही. आमच्या मुलांना सगळ्या लसी वेळच्या वेळी मिळाव्यात, हीच आमची इच्छा आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव, भिवंडी इथे गोवराची साथ आली, त्यात बालके दगावली. लस चुकली की काय होते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको. आमचे म्हणणे एवढेच आहे की लस दिल्यावर बाळाला काय होऊ शकते, त्यातले घरी काय निभावते आणि कशाला मूल उचलून तडक दवाखाना गाठायचा, हे आम्हाला आधी सांगा. ते न सांगितल्यामुळे साध्या तापाने घर हादरते आणि खरा धोका मात्र 'लसीचा ताप आहे, उतरेल' म्हणून अंगावर काढला जातो.

लसीकरण सत्रात प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायच्या, अशी शासनाचीच सूचना आहे. कोणती लस दिली व ती कशासाठी, त्यानंतर काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी सोबत आणायचे. यातली दुसरी गोष्ट नेमकी राहून जाते. अंगणवाडीच्या एका खोलीत लेकुरवाळ्या बायांची दाटी, रडारड, नोंदवही आणि मोबाइलवरची माहिती भरायची घाई, अशात 'ताप आला तर औषध द्या' यावरच बोलणे संपते. यात आम्ही परिचारिकांना दोष देत नाही. एकटी बाई टोचणार, लिहिणार आणि समजावणारही, हे होत नाही.

त्याचा परिणाम कसा होतो, याचे एक उदाहरण. आमच्यातल्या एका मातेने ऊसतोडीची टोळी निघण्यापूर्वी नऊ महिन्यांच्या मुलीला गोवर-रुबेलाची लस दिली. आठवडा उलटल्यावर, फडावरच्या कोपीत, मुलीला ताप भरला आणि छातीवर-पाठीवर बारीक लाल पुरळ उठले. शेजारच्या कोप्यांतल्या बाया जमल्या, गोवर निघाला म्हणाल्या, कडुनिंबाचा पाला आणला. लसीनेच गोवर आणला, अशी त्या माउलीची खात्री पटली. मुलगी दोन-तीन दिवसांत खेळू लागली, पण दीड वर्षाची झाल्यावर दुसरा डोस द्यायला आई तयार होईना. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी काही बालकांना ताप आणि पुरळ येते व आपोआप जाते, हे एक वाक्य तिला आधी कुणी सांगितले असते, तर आशाताईंना तिच्या दारी इतके हेलपाटे घालावे लागले नसते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : माता व बाल संरक्षण कार्डासोबत प्रत्येक पालकाला एक चित्रमय पत्रक द्यावे, आणि त्यात त्रासांची यादी न देता ते केव्हा दिसतात, याचे वेळापत्रक द्यावे. आईला कळण्यासारखे ते असेच असते. बीसीजीची लस दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डाव्या दंडावर गाठीसारखी पुळी येते, ती फुटते, खपली धरते आणि व्रण राहतो. हे व्हायचेच असते. तिथे हळद, तेल, चुना काही लावू नये. काखेत गाठ सुजली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताप, मांडीवर सूज, चिडचिड होते आणि बहुधा दोन दिवसांत ओसरते. अंगावरचे दूध चालू ठेवावे, कपडे सैल ठेवावेत, टोचलेल्या जागी चोळू नये. पण बाळ तीन तासांहून अधिक वेळ एकसारखे रडत राहिले, समजावता समजेना, एकदम पांढरे पडून हातपाय ढिले सोडले, हाकेला प्रतिसाद देईना किंवा झटका आला, तर ताप मोजत बसू नये. सूज दिवसागणिक वाढत जाऊन लाल, गरम होऊन तिथे पू धरला, तर तो लसीचा साधा परिणाम नव्हे. सुई देतानाच्या अस्वच्छतेमुळे तसे गळू होऊ शकते, आणि आरोग्य केंद्राला ते कळलेच पाहिजे.

रोटाव्हायरसच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीनंतर, मुख्यतः पहिल्या आठवड्यात, क्वचित एखाद्या बाळाचे आतडे आतड्यात शिरते. बाळ थांबून थांबून कळवळते, पाय पोटाशी घेते, उलट्या करते, शीतून रक्त व आव पडते. हे अत्यंत विरळ आहे, पण पोट दुखते म्हणून हिंग लावण्यात रात्र गेली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. हे चित्र पत्रकात ठळक असावे. तापातल्या झटक्याचेही तसेच. बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, झटका थांबताच दवाखान्यात न्यावे आणि थांबत नसेल तर १०८ ला फोन करावा. पत्रकातला मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आशाताईंच्या मोबाइलवर ध्वनिफीत द्यावी, आणि तांड्यांसाठी ती गोरमाटी या बंजारा बोलीत असावी.

दुसरी मागणी लसीनंतरच्या अर्ध्या तासाची आहे. लस दिल्यावर बाळाला तीस मिनिटे सत्राच्या जागी थांबवायचे असते. प्रत्यक्षात बसायला सावली नसते, पाणी नसते, मजुरी बुडत असते, आणि बाई निघून जाते. हा अर्धा तास कशासाठी, हे तिला सांगितले तर ती थांबेल. दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला तीव्र ॲलर्जीचा झटका येतो. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला घरघर लागते, बाळ थंडगार पडते. बहुतेक वेळा हे पहिल्या काही मिनिटांतच सुरू होते. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. पहिला डोस देऊन मग पुढे पाठवण्याची मुभा परिचारिकांना आहे, त्यासाठी पेटीही ठरवून दिलेली आहे. आमचा आग्रह असा की प्रत्येक सत्र सुरू होण्याआधी ती पेटी उघडून औषधाची मुदत आणि वयानुसार डोसाचा तक्ता पाहिला जावा, व वर्षातून एकदा परिचारिकांचा हात त्यावर बसवून घ्यावा. शाळेत दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी देताना मुली घाबरून चक्कर येऊन पडतात, ते वेगळे. आडवे निजवून पाय उंच केले की त्या सावरतात. या दोहोंतला फरक शिक्षकांनाही शिकवावा.

तापाच्या औषधाबद्दल. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली तर बाळाला कित्येक पट औषध जाते. बाळाच्या वजनानुसार किती द्यायचे, हे परिचारिकेने कार्डावर आकड्यात लिहून आणि औषधासोबतच्या मापावर खूण करून द्यावे. खर्च शून्य आहे.

तिसरी मागणी अवघड आहे आणि ती आम्ही जाणीवपूर्वक मांडत आहोत. लसीनंतर बाळ दगावले किंवा रुग्णालयात दाखल झाले तर त्याची नोंद, तपास आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीकडून कारणमीमांसा, अशी व्यवस्था आहे. जिल्ह्याकडून पहिला अहवाल ४८ तासांत वर जायचा असतो. परंतु निष्कर्ष काय निघाला, हे कुटुंबाला कळत नाही. मग गावात जे बोलले जाते तेच खरे ठरते. कारण लसीतच असेल, देण्याच्या पद्धतीत असेल, की त्याच वेळी योगायोगाने आलेल्या न्यूमोनियात असेल, जे असेल ते आईबापांना समोर बसवून मराठीत सांगावे आणि लेखी द्यावे. चूक असेल तर चूक म्हणावे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. ती लसीची बाधा नव्हती, माणसांची चूक होती. ती उघड झाली म्हणूनच मुलांना वेळेत दाखल करता आले. पण नोंद केली की निलंबन, असा धाक बसला तर किरकोळ गोष्टी दडपल्या जातील. एकदा कालवलेली गोवर-रुबेला व बीसीजीची कुपी चार तासांनंतर वापरायची नाही, या नियमाकडे कुणी दुर्लक्ष केले तर त्यातून बाळाच्या जिवावर बेतू शकते, आणि अशी चूक वेळेत कळायची तर सांगणारी बाई निर्भय असली पाहिजे. प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारे परिपत्रक काढावे. निष्काळजीपणावरची कारवाई चौकशीनंतर व्हावी.

शेवटी स्थलांतराचा प्रश्न, जो आमचाच आहे. बाळ लस घेते गावात आणि त्रास दिसतो दोन जिल्हे ओलांडून, कारखान्याच्या तळावर. तिथल्या आशाताईच्या यादीत आमचे नाव नसते. बाळ आजारी पडले की मुकादम जवळच्या खासगी डॉक्टरकडे धाडतो, तो लस कोणती व कधी दिली हे विचारत नाही, आणि नोंद कुठेच होत नाही. गाळप हंगामात प्रत्येक कारखाना परिसरासाठी एक आरोग्य सेविका नेमून द्यावी. टोळी पोहोचल्यावर तिने पाच वर्षांखालील मुलांची कार्डे पाहावीत, गेल्या महिन्यात कुणाला लस मिळाली ते टिपावे. खासगी डॉक्टरांनीही असा त्रास कळवावा यासाठी तालुका पातळीवर एक दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि तो कोपी-कोपीवर पोहोचवावा.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. त्याआधी पत्रक छापून आमच्या हाती यावे आणि उर्वरित मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला वेळ मिळावी, ही विनंती. पत्रकाचा मसुदा तयार झाल्यावर तो आमच्या मातांना वाचून दाखवावा. कोणते चित्र कळते आणि कोणते कळत नाही, ते त्या सांगतील.

आपले विश्वासू,
मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांतील पालक, आशा व अंगणवाडी सेविका
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
२. मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे